बंद डबडे आणि चार साक्षी

रविवारची सकाळ होती. आम्ही दारात खाट टाकून वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी किक मारल्याचा आवाज सुरू झाला. एक, दोन, दहा, वीस. गाडी काही दाद देईना. शेवटी ती हाताने ढकलीत आमचे शेजारी दाराशी आले. वयाने आमच्यापेक्षा मोठे, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो.

"जयभीम भाऊ. गाडी चालू व्हत नही. पेट्रोल शे, करंट नही शे."

दादा भाजीपाल्याची फेरी करतात. पहाटे धरणगावात माल भरायचा, गाडीच्या दोन्ही अंगांना पोती लटकवायची आणि पाळधी, एरंडोलच्या वाटेवरची खेडी दारोदार फिरायची. गाडी टू-स्ट्रोक, नव्वदच्या दशकातली, वडिलांनी घेतलेली. ती एक दिवस बंद राहिली तर त्या दिवशीची चूल उधारीवर पेटते. हे आम्ही शेजारी म्हणून डोळ्यांनी पाहिलेले आहे.

मेकॅनिकने प्लग बदलून पाहिला आणि निदान केले, सीडीआय युनिट गेले. हे युनिट म्हणजे सीटखाली बसवलेले काडेपेटीपेक्षा थोडे मोठे काळे डबडे. त्या गाडीचे नवे डबडे आता मिळत नाही. जुन्या बाजारातल्या एकाला दीड हजार सांगितले, तेही चालेल याची हमी नाही. दादा कपाळाला हात लावून बसले. त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "काका, ते गेलेलंच आहे ना? मग उघडून पाहू या. अजून काय जाणार?"

आता आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. आम्हाला जमा-खर्च कळतो, विजेचे काय कळणार? पण पोरीच्या बोलण्यात दम होता. पुढचे तीन रविवार आम्ही त्या डबड्यात घातले. त्यातून जे शिकलो ते या वेळी वाचकांसमोर ठेवतो. घरोघरी जुन्या गाड्या आहेत, आणि घरोघरी हाताशी काही धरू पाहणारी पोरेही आहेत.

ठिणगी येते कोठून?

आधी डबडे कशासाठी असते ते पाहू. पूर्वीच्या राजदूत, येझदी, बुलेट या गाड्यांना पॉईंट असत. चाक फिरले की पॉईंट उघडे, कॉईलमधला प्रवाह तुटे आणि प्लगवर ठिणगी पडे. पॉईंट काळे पडले तर मेकॅनिक बारीक पॉलिश पेपरने घासून देई. सगळे डोळ्यांना दिसत होते, म्हणून पोरगा वर्षभर गॅरेजात बसला की ते शिकत होता. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या, हीरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००. त्यांच्यात पॉईंट गेले आणि सीडीआयचे डबडे आले. झिजणारा भाग राहिला नाही, रोजची कटकट मिटली. पण ज्ञानही डबड्यात गेले आणि वरून राळ ओतली गेली. तेव्हापासून मेकॅनिकजवळ एकच उपाय उरला, हे काढ, दुसरे लाव.

आत चालते ते मात्र अवघड नाही. घरात हंड्याहंड्याने पाणी आणून रांजण भरतात, तसे समजा. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटजवळ बारीक तारेची एक कॉईल असते. चुंबक तिच्याजवळून फिरला की तिच्यात वीज तयार होते, सुमारे १०० ते ४०० व्होल्ट. हा आपला हंडा. ही वीज उलटसुलट वाहते, म्हणून तिच्या वाटेत डायोड असतो. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, परत फिरू देत नाही. पुढे कपॅसिटर. हा रांजण. त्यात वीज साठते. रांजणाला तोटी हवी, ती म्हणजे एससीआर. त्याला तीन पाय असतात आणि तिसऱ्या पायाला 'गेट' म्हणतात. गेटला इशारा मिळेपर्यंत तोटी बंद. दुसरी एक छोटी कॉईल, जिला पल्सर म्हणतात, ती नेमक्या क्षणी गेटला इशारा देते. तोटी उघडते, रांजण एका दमात इग्निशन कॉईलमध्ये रिकामा होतो, तेथे व्होल्टेज हजारोंच्या घरात चढते आणि प्लगवर ठिणगी उडते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात हा प्रकार एका सेकंदात ५० वेळा घडतो.

कॉईलजवळ चुंबक फिरवला की वीज निर्माण होते, हे १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले. हा माणूस लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाकडे वळला. एससीआर त्या मानाने अलीकडचा, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ साली तयार झालेला. दादांच्या डबड्यात हे दोन्ही शोध शेजारी शेजारी बसलेले होते.

आधी डबड्याबाहेर पाहा

दोष डबड्यात आहे हे ठरवण्याआधी बाहेरचे तपासावे, नाहीतर निरपराध डबड्याला फाशी होते. अशा पुष्कळ गाड्यांत किल्ली बंद केली की एक वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडली जाते आणि करंट मरतो. लॉक आतून खराब झाले तर किल्ली चालू असूनही ती वायर अर्थच राहते. डबड्याकडे येणारी ती वायर सोडवून किक मारा. ठिणगी आली तर डबडे चांगले आहे, लॉक बदला.

ठिणगी पाहताना प्लगची लोखंडी बाजू इंजिनाला टेकलेलीच हवी आणि प्लगच्या भोकापासून लांब हवी, कारण तेथून पेट्रोलची वाफ येते. त्यानंतर मल्टिमीटरने दोन्ही कॉईलचे ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत आकडा शेकड्यांत येतो, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. डबड्याची अर्थची वायर गंजली आहे का तेही पाहा.

दादांच्या गाडीत हे सगळे ठीक निघाले. मग मात्र डबड्याची पाळी आली.

डबडे उघडताना

माता-भगिनींनो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे, कारण हे उद्योग शेवटी स्वयंपाकघरात येतात. डबड्यात ओतलेली राळ काही वेळा रबरासारखी मऊ असते, ती बांबूच्या काडीने खरवडून निघते. काही वेळा ती दगडासारखी कडक असते, ती गरम हवेने थोडी नरम करून कणाकणाने काढावी लागते. जास्त तापली तर तिचा धूर छातीला वाईट. म्हणून हे काम अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून, तोंडाला फडके बांधून करावे. घरातला तवा, सांडशी, गॅस यांना हात लावू देऊ नये. लहान मुले लांब ठेवावीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कपॅसिटर गाडी बंद झाल्यावरही वीज धरून ठेवू शकतो. तीनशे व्होल्टचा झटका हसण्यावारी नेण्याचा नाही. दुकानात १०,००० ओहमचा रेझिस्टर मिळतो. तो पकडीने धरून कपॅसिटरच्या दोन पायांना काही सेकंद टेकवावा. मग मीटर मोठ्या डीसी व्होल्टवर लावून शून्य दिसते का पाहावे. शून्य दिसल्यावरच बोट लावावे.

आणखी एक, राळेचा थर निघेल तसा मोबाईलवर फोटो काढत जा. कोणता भाग कोणाशेजारी होता हे नंतर आठवत नाही.

चार साक्षी

राळ निघाली आणि आठ-नऊ भाग दिसू लागले. आता यातला कोण कोण? येथे आमच्या कारकुनीचा उपयोग झाला. कचेरीत एका कागदावर विसंबून आम्ही कोणाचे नाव नोंदीत चढवत नाही. दाखला, शिधापत्रिका, पत्ता, सगळे जुळले तर नोंद. आम्ही मुलीला वहीत चार रकाने आखायला सांगितले: रूप, अक्षर, जोडणी, मोजमाप. चारही रकाने एकमेकांशी जुळतील तेव्हाच त्या भागाचे नाव लिहायचे.

पहिली साक्ष रूपाची. ती सर्वांत कच्ची. काळा, गोल, बारीक, दोन टोकांना पाय आणि एका टोकाला चंदेरी पट्टा, असा भाग दिसला की डायोड म्हणायचे. पण १ एन ४००७ हा डायोड १००० व्होल्टपर्यंतची उलटी वीज अडवतो, तर १ एन ४७४२ हा झेनर १२ व्होल्टलाच वाट मोकळी करतो. एकाच्या जागी दुसरा बसवला तर सगळे काम बिघडते. एससीआरचेही तसेच. तीन पाय आणि पाठीला धातूची पट्टी, हे रूप ट्रान्झिस्टरचेही असते आणि पाच व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरचेही असते. कपड्यांवरून माणूस ओळखू नये म्हणतात, तेच येथे.

दुसरी साक्ष अक्षरांची. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा, अक्षरे उमटून दिसतात. बीटी १५१, टीवायएन ६१२ असे काही असेल तर तो एससीआर. या दोघांच्याही पाठीची पट्टी आतून मधल्या पायाला जोडलेली असते, म्हणून ती दुसऱ्या कशाला टेकता कामा नये. कपॅसिटरवर १०५ लिहिले असेल तर ते १०५ नव्हे. पहिले दोन आकडे तसेच ठेवा आणि तिसरा आकडा सांगतो तितकी शून्ये त्यापुढे मांडा. १० वर पाच शून्ये, म्हणजे दहा लाख पिकोफॅरड, म्हणजेच १ मायक्रोफॅरड. याच हिशेबाने २२४ म्हणजे ०.२२ आणि १०४ म्हणजे ०.१. आकड्यामागे जे असेल तर पाच टक्के, के असेल तर दहा टक्के इकडेतिकडे. व्होल्ट कधी सरळ लिहिलेले असतात, कधी खुणेने. २ ई म्हणजे २५०, २ जी म्हणजे ४००, २ जे म्हणजे ६३०.

तिसरी साक्ष जोडणीची. आमच्या मते ही सर्वांत बोलकी. अक्षरे पुसलेली असली तरी भाग कोणाशी बांधलेला आहे ते लपत नाही. मोठ्या कॉईलची वायर ज्या भागात प्रथम शिरते आणि पुढे मोठ्या कपॅसिटरकडे जाते, तो डायोड असणार. पल्सरची वायर लहान रेझिस्टर, डायोड ओलांडून ज्या पायाला पोचते तो एससीआरचा गेट असणार. माणूस कोणाच्या पंक्तीला बसतो त्यावरून तो कोणाचा ते कळते, तसे हे.

चौथी साक्ष मोजमापाची. डायोडची एक बाजू मीटरवर ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवते, उलटी बाजू काहीच दाखवत नाही. दोन्ही बाजूंनी शून्य आले तर तो गेला. एससीआरच्या दोन मुख्य पायांमध्ये कोणत्याही बाजूने प्रवाह जाता कामा नये. कपॅसिटरसाठी मीटरवर फॅरडचे घर असावे, आणि मोजताना त्याचा निदान एक पाय सोडवलेला असावा, नाहीतर शेजाऱ्याचे मोजमाप त्याच्या नावावर चढते.

आमच्या मोठ्या कपॅसिटरवर १०५ होते. मीटरने दाखवले ०.१ च्याही खाली. रांजणाचा पेला झाला होता. खानदेशचा उन्हाळा, पारा ४५ च्या घरात, त्यात सीटखालची इंजिनाची धग, आणि ही तपश्चर्या तीस वर्षांची. त्याचा तरी काय दोष?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून नवा कपॅसिटर आणला. किंमत एका वेळच्या चहा-भज्यांइतकी. दुकानदाराने आधी हाती दिला तो ५० व्होल्टचा रेडिओतला. आकडा तोच, १ मायक्रोफॅरड. पण तीनशे व्होल्टच्या कामात तो टिकला नसता, फुटलाही असता. मुलीने वही पुढे केली, "काका, ६३० व्होल्टचा, फिल्मचा द्या." दुकानदाराने वही वाचली आणि आतून दुसरे खोके काढले.

आमची चूक

आता आमच्या फजितीचे सांगतो. राळ खरवडताना एका रेझिस्टरचा पाय मुळाशी तुटला. त्याच्यावर तीन तपकिरी पट्टे दिसत होते. रंगांचा हिशेब आम्ही पाठ केला होता: काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा शून्यांची संख्या. तपकिरी, तपकिरी, तपकिरी, म्हणजे ११ वर एक शून्य, ११० ओहम. मुलगी म्हणाली, "काका, मोजमापाचा रकाना रिकामा आहे." आम्ही म्हटले, "रंग स्पष्ट दिसतो आहे, लाव." मोठेपणाची घाई.

कपॅसिटर बसला, रेझिस्टर बसला. दादांनी किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली. नाही. दादा काही बोलले नाहीत, पायात चप्पल सरकवून फाटकाबाहेर गेले. त्या आठवड्यात ते डोक्यावर पाटी घेऊन गावातच फिरले. तो आठवडा आम्हाला फार लांब गेला.

पुढच्या रविवारी मुलीने तुटका रेझिस्टर डबीतून काढला. तुटक्या पायाच्या खुंटाला मीटरची पिन दाबून धरली. मीटर म्हणाला २२०० ओहम. म्हणजे पट्टे मुळात तांबडे होते. तांबडा, तांबडा, तांबडा, २२ वर दोन शून्ये. वर्षानुवर्षांच्या धगीने आणि राळ काढताना आम्ही दिलेल्या गरम हवेने तांबड्याचे तपकिरी झाले होते. रंग करपला होता, मोजमाप करपले नव्हते. तो रेझिस्टर गेट आणि अर्थ यांच्यामध्ये होता. आमचा रेझिस्टर विसाव्या हिश्श्याचा, त्यामुळे पल्सरचा बारीकसा इशारा गेटपर्यंत न पोचता सरळ अर्थमध्ये वाहून जात होता.

योग्य रेझिस्टर लागला. दुसऱ्या किकेला गाडी बोलली. दादांनी ती बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. मग म्हणाले, "पोरी, तुले काय पाहिजे ते सांग." पोरगी म्हणाली, "मला माझं मीटर पाहिजे." आता तिच्याकडे आहे.

डबडे पुन्हा बंद करताना एक पथ्य पाळावे. भाग हलणार नाहीत असे बसवून सिलिकॉन भरावा, कारण गाडीच्या हादऱ्याने पाय तुटतात. पण ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो वापरू नये. तो तांब्याला खातो.

जाता जाता

प्रत्येक डबडे असे उघडून सुधारते असा आमचा दावा नाही. आत कोळ्यासारख्या पुष्कळ पायांची काळी चकती दिसली तर तिच्यात ठिणगीच्या वेळेचा हिशेब भरलेला असू शकतो, आणि तो हिशेब डोळ्यांना दिसत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या मोटारसायकलींमध्ये इंजिनाचा बहुतेक कारभार कॉम्प्युटरच्या ताब्यात गेला. तेथे आपली चार रकान्यांची वही पुरी पडणार नाही. वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे ही मागणी आता सरकारदरबारीही पोचली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात वाहने आणि शेतीची अवजारेही येतात. मागणी चांगली आहे, पण माहिती हाती आल्यावर ती वाचणारे डोळेही घरात हवेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात बंद पडलेला मिक्सर, रेडिओ, चार्जर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तो घरातल्या मुला-मुलीसमोर ठेवा. प्लग काढलेला असावा, साठलेली वीज उतरवलेली असावी, जवळ जाणते माणूस असावे. एक वही द्या, चार रकाने आखून द्या. वस्तू दुरुस्त झाली नाही तरी चालेल. आणि पोर म्हणाले की एक रकाना अजून रिकामा आहे, तर आमच्यासारखी घाई करू नका. थांबा.